दिसायला गरीब, चालायला तेज

घोडेगावात शुक्रवारी दोन गर्द्या असतात. एक जनावरांच्या बाजाराची आणि दुसरी जुम्म्याच्या नमाजाची. आमच्या अब्बांनी उभे आयुष्य या दोन्ही गर्द्यांत काढले. सकाळी म्हशींच्या रांगांतून फिरायचे, जनावर पारखायचे, रुमालाखाली बोटे दाबून सौदा करायचा, आणि खुतब्याच्या आधी हातपाय धुऊन मशिदीत पहिल्या सफेत बसायचे. दूरदूरचे गवळी आमच्या बाजारात म्हशी घ्यायला येतात. त्यांतले कितीतरी जण अब्बांना शोधत यायचे. "चाचा, जरा नजर टाका," एवढेच म्हणायचे. अब्बा म्हशीकडे नंतर बघत, आधी तिच्या मालकाकडे बघत.

या माणसाच्या घरात दोन वर्षांपूर्वी मोटार घेण्यावरून जो वाद झाला, त्याची ही हकिगत आहे. आम्ही म्हणजे एका चुलीवर जेवणारे घर. अब्बा, अम्मी, आम्ही दोघे भाऊ, दोन सुना आणि तीन मुले. गाडी घराने घेतली, म्हणून सांगतोही घराच्याच तोंडून.

आमच्यातला थोरला राहुरीला शिक्षक आहे. थोरली भाभी त्याच वाटेवरच्या एका शाळेत शिकवते. धाकटा घोडेगावच्या कांदा मार्केटात एका आडतीवर हिशेब बघतो. म्हणजे घोडेगाव, सोनई, राहुरी हा रस्ता आमच्या घराच्या रोजच्या भाकरीचा रस्ता. नगर-संभाजीनगर महामार्गाला मध्ये दुभाजक आहे, तिथे फारशी चिंता नसते. खरी परीक्षा आतल्या रस्त्यावर. शनिशिंगणापूरला येणाऱ्या भाविकांच्या गाड्या, दुधाचे टेम्पो, आणि हिवाळा लागला की उसाचे ट्रॅक्टर. सोनईचा मुळा कारखाना सुरू झाला की एकेका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, वर आभाळाला टेकलेला ऊस आणि मागे ना दिवा, ना लाल पट्टी.

२०२४ च्या जानेवारीतली गोष्ट. अब्बांचे डोळे तपासून आम्ही राहुरीहून परतत होतो. गाडी जुनी, छोट्या इंजिनाची. आत पाच माणसे. थोरला चालवत होता, अब्बा शेजारी. पुढे दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर. रस्ता मोकळा दिसला म्हणून थोरल्याने गाडी उजवीकडे घेतली आणि पाय दाबला. गाडीने आवाज मोठा केला, पण वेग काही घेतला नाही. अर्ध्यात असतानाच समोरून दुधाचा टेम्पो आला. ना पुढे जाता येईना, ना मागे येता येईना. थोरल्याने करकचून ब्रेक मारला आणि ट्रॉलीच्या मागे गाडी घातली. उसाची टिपरी काचेवर घासून गेली. मागे भाभीच्या मांडीवर आमची सगळ्यात लहान मुलगी होती.

घरी येईपर्यंत अब्बा एक शब्द बोलले नाहीत. अंगणात उतरल्यावर फक्त म्हणाले, "आज गाडी तू नहीं चलाया. अल्लाह चलाया."

त्या रात्री ठरले की गाडी बदलायची. पण कोणती, यावर घराचे दोन तुकडे झाले.

थोरल्याचे म्हणणे साधे होते. लिटरला जास्त किलोमीटर देणारी, दुरुस्तीला स्वस्त, मागे अम्मी-अब्बांना पाय पसरता येतील अशी गाडी. धाकट्याचे म्हणणे वेगळे. तो म्हणाला, "भाईजान, त्या दिवशी आपण मायलेजमुळे वाचलो नाही. ताकद नव्हती म्हणून मरत होतो." मग त्याने वहीवर हिशेब मांडला. हिशेब हा त्याचा धंदाच. समोरचा टेम्पो तासाला ८० किलोमीटरने येतोय, म्हणजे सेकंदाला २२ मीटर. आपण ६० ने, म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर. दोघांमधले अंतर सेकंदाला ३९ मीटरने घटते. ट्रॅक्टर ओलांडायला जुन्या गाडीला दहा सेकंद लागत असतील आणि ताकदीच्या गाडीला सहा, तर वाचलेले चार सेकंद म्हणजे दीडशे मीटरहून जास्त रस्ता. "हे दीडशे मीटर म्हणजे आपली मुलगी," तो म्हणाला. यावर कोण काय बोलणार?

पण त्याच्या मनात तेवढेच नव्हते, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होते. लहानपणापासून त्याला गाड्यांचे वेड. आणि त्यात त्याची चूक कशी म्हणावी? आम्ही राहतो तो रस्ताच गाड्यांचा. पुण्याकडे चाकण आणि रांजणगाव, संभाजीनगरकडे वाळूज आणि शेंद्रा, मध्ये आमचे गाव. लुना आमच्या नगरची. १९७२ साली आलेली ती ५० सीसीची गाडी कायनेटिकच्या नगरच्या कारखान्यात बनायची, आणि गावात मास्तर, पोस्टमन, दूधवाला सगळे तिच्यावरच. लष्कराच्या गाड्यांची चाचणी घेणारी संरक्षण खात्याची संस्थाही नगरलाच. २००१ मध्ये शेंद्र्याला स्कोडाने काम सुरू केले आणि तिथल्या ऑक्टेव्हिया गाड्या ट्रेलरवर लादून महामार्गाने जाऊ लागल्या. २००४ मध्ये तिचा आरएस नावाचा प्रकार आला. १.८ लिटरचे टर्बो इंजिन, १५० अश्वशक्ती, आणि मागचे दार उघडले तर घरचे धान्य बसेल एवढी डिकी. धाकटा तेव्हा शाळेत होता. फाट्यावर उभा राहून ट्रेलर मोजायचा आणि त्यात एखादी आरएस दिसते का ते बघायचा. रोज बाजारहाट करणारी आणि मोकळ्या रस्त्यावर वाऱ्याशी बोलणारी, दोन्ही कामे करणारी गाडी असू शकते, हे त्याच्या डोक्यात तेव्हापासून बसले.

अश्वशक्ती या शब्दावरून आमच्याकडे बरीच चेष्टा व्हायची. घोडेगावात घोड्याची ताकद मोजायची नाही तर कुठे? थोरला शास्त्राचा शिक्षक. त्याने मुलांना समजावले. वाफेच्या इंजिनाचे गिऱ्हाईक विचारायचे, हे किती घोड्यांचे काम करील? म्हणून जेम्स वॅटने घोड्याच्या कामाचे माप ठरवले. आजच्या मेट्रिक मापात ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर वर उचलणे म्हणजे एक अश्वशक्ती. पण गाडीच्या कागदावर दुसरा एक आकडा असतो, टॉर्कचा. अश्वशक्ती ही घोड्याची धाव, तर टॉर्क ही बैलाची ओढ. ट्रॅक्टरमागे हळू चालताना एकदम पुढे निघायचे तर आधी ओढ लागते, मग धाव. टर्बो इंजिन बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक छोटे चक्र फिरवते आणि इंजिनात जास्त हवा कोंबते. त्यामुळे लहान इंजिनही कमी फेऱ्यांत चांगली ओढ देते. जुन्या गाडीत हेच नव्हते.

मग नावे निघाली. चाकणची पोलो जीटी टीएसआय. २०१३ मध्ये आली तेव्हा १.२ लिटरचे टर्बो इंजिन, १०५ अश्वशक्ती. २०२० मध्ये १ लिटरचे आले, ११० अश्वशक्तीचे. २०१४ च्या ग्लोबल एनकॅप चाचणीत दोन एअरबॅगच्या पोलोला चार तारे मिळाले होते. गाडी मजबूत, पण मागे बसायची जागा बेताची, आणि २०२२ मध्ये तिचे उत्पादन थांबलेले. दुसरी, रांजणगावची पुंटो अबार्थ, २०१५ ची. १४५ अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक. धाकट्याचा जीव हिच्यावर. पण पुंटोची विक्री कधीच बंद झालेली. सुटा भाग लागला तर शोधत फिरायचे. आणि त्याच उन्हाळ्यात टाटाची अल्ट्रोझ रेसर आली. १२० अश्वशक्ती, सहा एअरबॅग, आणि मूळ अल्ट्रोझला २०२० मध्येच ग्लोबल एनकॅपचे पाच तारे. नवी कोरी, हमीसह. ती पाहून थोरलाही विरघळला. पण किंमत साडेनऊ लाखांच्या घरात सुरू, वर विमा आणि रस्ताकर.

इथे आमचे घर अडले. आमच्याकडे रोख होते पाच लाख आणि थोडे वर. बाकीसाठी बँकेचे कर्ज, म्हणजे व्याज. हा प्रश्न या अंकाच्या वाचकांच्या घरीही कधी ना कधी आला असेल. धाकटा म्हणाला, "पगार बँकेतून येतो, मग कर्जानेच काय बिघडते?" थोरला म्हणाला, "पगार ही मेहनत आहे." भाभी म्हणाली, "घर बांधायला, दवाखान्याला अडचण म्हणून घेतले तर एक गोष्ट. वेगासाठी घ्यायचे का?" बराच वेळ कोणी जिंकले नाही.

दुसऱ्या दिवशी फजरनंतर अब्बांनी कपाटातून कापडी पिशवी काढून पुढे ठेवली. तीन लाख रुपये. त्यांच्या आणि अम्मीच्या उमऱ्याचे. म्हशींच्या दलालीतून एकेक हजार करून जमवलेले. म्हणाले, "सूद मत लो. ये लो."

आम्ही दोघे भाऊ खाली मान घालून बसलो. धाकट्याने पिशवी उचलली आणि परत कपाटात ठेवली. त्या सकाळनंतर आमच्या घरात अबार्थचे नाव निघाले नाही, आणि रेसरचेही.

पण अब्बांनी हे का केले असावे, हे आम्हाला कळेना. हा माणूस साध्या चप्पलसाठीही तीन दुकाने फिरतो. फुजूलखर्चीवर त्यांचे एक भाषण ठरलेले. शेवटी अम्मीने सांगितले. दादाजानांकडे एक घोडी होती. कामाची नव्हती, दूध देत नव्हती, पण पळायची अशी की अब्बा पोरगे असताना तिच्यावर बसून नदीकाठाने उधळत जायचे. १९७२ च्या दुष्काळात चारा संपला. घरात म्हैसही होती आणि घोडीही. एकच जगवता येणार होती. दादाजानांनी घोडी विकली. अब्बांनी ती दावणीपासून सोडून स्वतःच्या हाताने गिऱ्हाइकाकडे दिली. अम्मी म्हणाली, "अभी भी कभी रात कू बोलते, भैंस ने घर चलाया, मगर सपने में घोडीच आती."

आम्हाला अब्बा नव्याने दिसले. इतकी वर्षे आम्ही समजत होतो की मौज ही आमच्या पिढीची चैन आहे, आणि त्यांना तिचा पत्ताच नाही. त्यांना पत्ता होता. त्यांनी ती किंमत मोजून सोडली होती. म्हणूनच आमच्यासाठी ते आपली पिशवी पुढे करत होते, आणि म्हणूनच ती घेणे आम्हाला शक्य नव्हते.

मग शोध नव्याने सुरू झाला, पाच लाखांच्या आत. अशी गाडी जिच्यात अम्मी-अब्बा सुखाने बसतील, सोनईच्या गॅरेजवालाही जिला हात लावायला घाबरणार नाही, आणि जिच्यात ओढ असेल. एका संध्याकाळी भाभीनेच विचारले, "ती बलेनो आरएस काय असते?" धाकट्याने कपाळावर हात मारला. ती त्याच्या नजरेतून सुटली होती, कारण ती दिसतच नाही. मारुतीने २०१७ मध्ये काढलेली आणि २०२० मध्ये बंद केलेली. बाहेरून बघाल तर रस्त्यावर दर दहावी गाडी असते तशीच बलेनो. आत मात्र १ लिटरचे टर्बो इंजिन, १०२ अश्वशक्ती, १५० न्यूटन मीटरची ओढ, आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक. वजन ९५० किलो, म्हणजे अंगाने हलकी. मागची जागा ऐसपैस. इंजिनाची जातही मेलेली नाही. २०२३ मध्ये आलेल्या फ्राँक्समध्ये तेच १ लिटरचे बूस्टरजेट इंजिन परत आले.

संभाजीनगरला एक मिळाली. २०१८ ची, एका निवृत्त गृहस्थाकडची. अब्बा म्हणाले, "मैं भी आता."

आम्ही गाडी तपासायची यादी करून नेली होती. अब्बांनी यादी बघितलीही नाही. बोनेटला हात लावून विचारले, "सकाळी सुरू केली होती का?" मालक म्हणाला, नाही. "मग करा." जनावर सकाळी उठताना बघावे, चालते झाल्यावर सगळीच चांगली दिसतात, हा त्यांचा बाजारातला नियम. थंड इंजिन सुरू करताना बाहेर निळसर धूर येतो का, हे बघायचे असते. टर्बोच्या गाडीत तर नक्कीच. आम्ही यादीत तेच लिहिले होते. धूर नव्हता. मग ते टायरपाशी बसले. धाकट्याने त्यांना टायरवरचे चार आकडे दाखवले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३२१९ म्हणजे २०१९ सालचा बत्तिसावा आठवडा. अब्बा खूश झाले. "मतलब दात देखने का!" आदत, दोन दाती, चार दाती, जुळलेली अशी म्हशीची वये सांगणाऱ्या माणसाला टायरलाही दात असतात हे फार आवडले. चारपैकी दोन टायर बदलायला झाले होते. तेवढे पैसे किमतीतून कमी झाले.

सर्व्हिसच्या नोंदी, आरसी, विमा, कर्ज फिटल्याचा दाखला हे थोरल्याने बघितले. मग अब्बांनी शेवटचा प्रश्न विचारला, मालकाला. "का विकता?" ते म्हणाले, मुलगा परदेशात असतो, माझे गुडघे गेले, क्लच दाबवत नाही. अब्बांनी त्यांच्या गुडघ्यांकडे बघितले, जिन्याकडे बघितले आणि मान हलवली.

चालवून कोणी बघायची? धाकट्याने हात पुढे केला. अब्बा म्हणाले, "बहू चलाएगी." भाभीने सहा वर्षांपूर्वी गाडी शिकली, तेव्हा गावातल्या काहींनी नाके मुरडली होती. अब्बांनी तेव्हाही जास्त चर्चा केली नव्हती. भाभीने गाडी बाहेर काढली, मोकळ्या रस्त्यावर आणली. पुढे एक मालवाहू ट्रक होता. ती घाई न करता मागे राहिली, आरशात बघितले, इशारा दिला, एक गिअर खाली घेतला आणि निघाली. गाडीने एक क्षण श्वास घेतला, मग अशी झेपावली की मागे बसलेले आम्ही सीटला टेकलो. ट्रक मागे पडला. तिने परत डावीकडे घेतली आणि वेग उतरवला. धाकट्याच्या तोंडून शब्द फुटेना. अब्बा हळूच म्हणाले, "दिखने कू गरीब, चलने कू तेज. बांध लो."

गाडी रोखीने घेतली. कपाटातल्या पिशवीला हात लागला नाही.

आता दोन वर्षे होत आली. रोजच्या सोनई-राहुरीच्या वाटेवर ती गरीब बलेनोसारखी चालते. पेट्रोल जुन्या गाडीपेक्षा जास्त लागते, हे थोरला दर महिन्याला सांगतो. २०२५ मध्ये देशात पेट्रोलमधले इथेनॉल २० टक्क्यांवर गेले; ही गाडी त्याआधीची, म्हणून रबरी नळ्या दर सर्व्हिसला बघून घेतो आणि मायलेज थोडे उतरले तर तक्रार करत नाही. तक्रार तरी कोणाकडे करायची? ते इथेनॉल आमच्याच पट्ट्यातल्या उसाचे. ज्या उसाने आमची काच घासली, तोच आता टाकीत.

महिन्यातला एक रविवार मात्र मौजेचा. बहुतेक वेळा खुलताबाद. प्रवरासंगमचा पूल ओलांडायचा, संभाजीनगर मागे टाकायचे, दौलताबादच्या किल्ल्याच्या वेशीतून गाडी काढायची आणि घाट चढायचा. वळणामागून वळण येते, गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये गुणगुणते. वर जाऊन जरजरी जरबख्श बाबांच्या दर्ग्यावर फातिहा, मलिक अंबरच्या मकबऱ्याजवळ मुलांना थोडा इतिहास. हलक्या, चपळ घोडदळाच्या जोरावर मोगलांना दमवणारा हा माणूस आपल्याच निजामशाहीचा वजीर होता, हे थोरला दर वेळी सांगतो आणि मुले दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखे करतात.

एक गोष्ट सांगितली नाही तर ही हकिगत अर्धी राहील. गाडी घेतल्यावर पंधरा दिवसांनी थोरल्याने अब्बांना म्हटले, "आता त्या दिवसासारखे होणार नाही." अब्बांनी चहाचा कप खाली ठेवला. म्हणाले, "गाडी कमजोर थी, कबूल. मगर जल्दी तो तेरी थी ना?" थोरल्याकडे उत्तर नव्हते. खरेच, त्या दिवशी कशाची घाई होती? डोळे तपासून झाले होते, घरी जेवण तयार होते. चार सेकंद गाडी देते, पण ते चार सेकंद संयमाला वाहायचे की उतावळेपणाला, हे ती ठरवत नाही. तेव्हापासून आमच्या घरात नियम आहे. समोरचे पूर्ण दिसत नसेल तर ट्रॅक्टरमागे राहायचे, कितीही ताकद असली तरी. मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावायचा, आणि मूल मांडीवर नाही. हा नियम सगळ्यात जास्त धाकटा पाळतो.

२०२५ च्या हिवाळ्यात अम्मी-अब्बा उमऱ्याला जाऊन आले. मुंबईहून त्यांना आणायला हीच गाडी गेली. नगर सोडून रात्री इमामपूरचा घाट उतरलो. पुढे रस्ता सरळ, मोकळा. भाभी चालवत होती, अब्बा शेजारी. आम्हाला वाटले त्यांना झोप लागली. तेवढ्यात त्यांनी खिडकीची काच थोडी खाली केली, थंड वारा तोंडावर घेतला आणि म्हणाले,

"बेटी, रस्ता साफ है. जरा जाने दे."